शब्दचर्चा: 'गिव्ह अप' आणि हंगेरियन भाषक

प्रश्न: हंगेरियन इंग्रजीच्या कुळातली नाही ना? मग 'गिव्ह अप', 'टर्न ऑफ' अशी जोडक्रियापदं तिथल्यांनाही आपल्याइतकीच जड जात असणार.

उत्तर: कुळ वेगळं खरं, ती फिनिशसारखी उरालिक भाषा. पण इथे हंगेरियन माणूस आपल्या बराच पुढून सुरुवात करतो. त्याच्याकडे क्रियापदाला बांधायचे छोटे शब्द आहेतच: 'फेल' म्हणजे वर, 'ले' खाली, 'बे' आत, 'कि' बाहेर. 'ऑद' म्हणजे देणे. 'फेलऑद' म्हणजे हार मानणे. थेट 'गिव्ह अप'! पत्र टपालात टाकायलाही हेच क्रियापद, त्यामुळे एका जोडीचे दोन-तीन अर्थ निघाले तरी तो गोंधळत नाही. तुकडे सुटे होण्याचीही सवय असते. 'मी हार मानत नाही' हे 'नेम ऑदोम फेल' असं होतं, नकार आला की 'फेल' मागे जातो.

फसगत होते ती ओळखीचं वाटतं तिथेच. दिवा लावणे 'बेकॉप्चोल', बंद करणे 'किकॉप्चोल', म्हणजे आत आणि बाहेर. इंग्रजीत मात्र ऑन आणि ऑफ. 'टर्न आउट' दिव्यापुरतं चालून जातं, पण 'टर्न इन' म्हटलं की अर्थ झोपायला जाणे!

प्रश्न: मग सराव नेमका कशाचा करावा?

उत्तर: माझ्या मते आधी 'इट'चा. 'फेलऑदोम' या एकाच शब्दात 'मी ते सोडतो' आलं. 'ते' क्रियापदाच्या प्रत्ययातच कळतं. म्हणून इंग्रजीत 'इट' गळून तरी पडतं, नाहीतर 'गिव्ह अप इट' असं शेवटी जाऊन बसतं. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही बरोबर, पण सर्वनाम आलं की ते मध्येच हवं: 'टर्न इट ऑफ'. हे कानाला बसेपर्यंत मोठ्याने म्हणावं.

आणखी एक. 'फेलऑदोद?', म्हणजे 'सोडतोस का?', असं विचारल्यावर हंगेरियनमध्ये नुसतं 'फेल' म्हटलं तरी 'हो' होतं. इंग्रजीत नुसतं 'अप' म्हणून भागत नाही, 'डू यू गिव्ह अप?'ला 'येस' किंवा 'येस, आय डू' असं म्हणावं लागतं.

प्रश्न: 'ईट अप', 'यूज अप' मधला 'अप' तरी 'फेल'च ना?

उत्तर: नाही. तो 'वर' नसून आपल्या 'खाऊन टाकणे'तला 'टाकणे' आहे, काम पुरतं उरकल्याचा. हंगेरियनमध्ये त्यासाठी खाण्याला 'मेग' लागतो, वापरून संपवण्याला 'एल'. म्हणून 'अप'ची क्रियापदं शिकवताना 'वर'ची एका बाजूला आणि 'पुरतं'ची दुसऱ्या बाजूला लिहून द्यावीत. वर्णानुक्रमाच्या याद्यांत हा भेद दिसतच नाही.