मदत हवी आहे: परफेक्शनच्या नादापायी झोप उडाली आहे

नमस्कार मंडळी,

कुठलंही काम 'झालं' म्हणून हातावेगळं करणं मला जमत नाही. साधी ईमेल पाठवायची तरी वाचत बसतो, आणि पाठवून झाल्यावर सेंटमध्ये जाऊन पुन्हा वाचतो. (का, ते विचारू नका.)

स्वभाव आहे म्हणून आजवर सोडून दिलं. पण आता सकाळी उठल्यावर जबडा आणि कानशिलं ठणकतात. डेंटिस्ट म्हणाले, झोपेत दात खाता, दात झिजलेत. नाइट गार्ड दिलंय. त्याने दात वाचतील, पण मध्यरात्री जाग येऊन डोक्यात दिवसभराच्या कामाची उलटतपासणी सुरू होते, तिचं काय?

थोडं वाचलं. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परफेक्शनच्या या हट्टाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून बिनचूकपणाची अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि 'लोकांना माझ्याकडून बिनचूकच हवंय' ही समजूत. नैराश्य आणि चिंतेशी तिसऱ्याचं नातं जास्त घट्ट. २०१९ मध्ये छापून आलेल्या करन आणि हिल यांच्या अभ्यासात अमेरिका, कॅनडा, ब्रिटनच्या कॉलेजविद्यार्थ्यांमध्ये १९८९ ते २०१६ या काळात तिन्ही वाढलेले दिसले, तिसरा सर्वाधिक.

माझी गोची अशी की मला पहिला आहे की तिसरा, तेच कळत नाही. चांगलं काम आवडतं म्हणून घासतो की कोणी नावं ठेवील म्हणून? कुणी यातून बाहेर पडलंय का? नेमकं काय केलंत? 'टेन्शन घेऊ नकोस' सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद:
प्रकार ठरवण्यात अडकू नका, बहुतेकांत सरमिसळच असते. मला सीबीटीचा (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) उपयोग झाला. समुपदेशकांनी प्रयोग करायला लावले: बिनमहत्त्वाची ईमेल एकदाच वाचून पाठवायची, पाठवण्याआधी 'काय वाईट होईल' ते लिहून ठेवायचं, आठवड्याने ताडून बघायचं. सुरुवातीला पोटात गोळा येतो. तो येऊ द्यायचा, सेंट उघडायचं नाही. झोपेचं मात्र डॉक्टरांना वेगळं सांगा, अंगावर काढू नका.

धागाकर्ता:
आभार! समुपदेशकांची वेळ घेतो. तो अंदाज किती तपशिलात लिहायचा? मी तोही सुधारत बसेन अशी भीती आहे.

प्रतिसाद:
😄 एक ओळ. पेनाने. खाडाखोड न करता.