पदवीइतकीच पद्धतही विचारावी
उपचारासाठी मानसशास्त्रज्ञ निवडताना त्याची पदवी पाहिली की पुरे, असे काही जण म्हणतात; ते मला अर्धेच पटते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणवून घ्यायचे, तर १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि मानसशास्त्रातल्या साध्या एम.ए.वर ती होत नाही. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. मात्र उपचाराची पद्धतही विचारावी. गंगापूर रोडवर मी ज्या बाईंकडे जात असे, त्यांनी पहिल्याच भेटीत आपण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत (भावना प्रसंगापेक्षा त्यावरच्या आपल्या विचारातून येते असे मानणारी) वापरतो असे सांगून दोनशेपानी वही आणायला लावली. घडलेला प्रसंग, त्यावर मनात उमटलेला विचार आणि मग आलेली भावना असे तीन रकाने रोज भरायचे (मी पहिला आठवडा मधला रकाना कोराच ठेवला होता), आणि पुढची सगळी चर्चा त्या मधल्या रकान्यावरच चाले.