व्हिडिओ सर्व्हरची रॅम टीएमपीएफएसला द्यावी, की कर्नलवर सोडावी?

गोदाकाठ (धागाकर्ता):
एका शिक्षणसंस्थेच्या ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांसाठी आम्ही जो सर्व्हर चालवतो, त्यात ६४ जीबी रॅम आणि १ टीबीचा एसएसडी आहे. मूळ साठा दुसऱ्या यंत्राच्या हार्ड डिस्कवर आहे, आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर तिथून एचएलएसचे (व्हिडिओ लहान तुकड्यांत पाठवण्याच्या पद्धतीचे) सहा-सहा सेकंदांचे तुकडे आणून प्रेक्षकांना देतो. रॅमपैकी ४८ जीबीची टीएमपीएफएस (रॅममध्येच फाइली ठेवणारी फाइल-व्यवस्था) करून कॅश, म्हणजे आणलेल्या तुकड्यांचा तात्पुरता साठा, तिच्यात ठेवावी, असा सहकाऱ्यांचा प्रस्ताव आहे. मला तो मान्य नाही. कॅश एसएसडीवर ठेवली, तरी एकदा वाचलेला तुकडा लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅममधल्या मोकळ्या जागेत (पेज कॅशमध्ये) आपण होऊन ठेवतोच. आणि ती जागा दुसऱ्या कामासाठी लागली, तर तो तुकडा स्वॅपला (रॅम अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेत) न पाठवता सरळ टाकून देता येतो, कारण त्याची प्रत डिस्कवर असते. टीएमपीएफएसमधला तुकडा मात्र एकतर रॅममध्ये बसून राहतो किंवा स्वॅपमध्ये जातो. शिवाय ५ एमबीपीएसच्या (सेकंदाला ५ मेगाबिट) व्हिडिओचा एक तास २.२५ जीबी होतो, म्हणजे ४८ जीबीत जेमतेम एकवीस तास मावतात, तर एसएसडीवरच्या ८०० जीबीत साडेतीनशे तास.

अक्षांश:
हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. कर्नलला फक्त पाने, म्हणजे मेमरीचे छोटे ठोकळे, दिसतात. परीक्षेच्या आदल्या रात्री कोणते व्याख्यान लागणार, हे त्याला कळत नाही. रात्री बॅकअप सुरू होऊन शेकडो जीबी वाचले गेले, की पेज कॅशमध्ये काय उरले आहे याची खात्री कोणी देऊ शकत नाही. व्हार्निश या वेब-कॅश सॉफ्टवेअरचे कर्ते पॉल-हेनिंग कॅम्प यांनी ‘मेमरी कर्नलवर सोपवा’ ही भूमिका हिरिरीने मांडली होती हे खरे, परंतु त्याच व्हार्निशमध्ये वेगळे काही न सांगितल्यास वापरला जाणारा साठा आज मॅलॉक, म्हणजे मेमरीतला, आहे, हेही विसरू नये.

गोदाकाठ:
बॅकअपची भीती अवास्तव आहे. लिनक्स पेज कॅशच्या दोन याद्या ठेवतो. एकदाच वाचलेली पाने निष्क्रिय यादीत राहतात आणि तिथूनच आधी बाहेर पडतात, त्यामुळे वारंवार मागितले जाणारे तुकडे सहसा टिकतात. तेवढ्यावर विश्वास नसेल, तर बॅकअपला स्वतंत्र सीग्रुपमध्ये (प्रक्रियांच्या गटाला साधने वाटून देणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) मेमरीची मर्यादा घालावी, कारण त्याने वाचलेली पाने त्याच्याच खात्यावर मांडली जातात.

पाटीपेन्सिल:
दोघेही साठवलेल्या व्हिडिओंबद्दल बोलत आहात. याच सर्व्हरवरून थेट प्रक्षेपणही होत असेल, तर त्याचा विचार वेगळा करावा लागेल. ५, २.५ आणि १ एमबीपीएस अशा तीन प्रती मिळून ८.५ एमबीपीएस होतात. दहा तुकड्यांची खिडकी ठेवली, म्हणजे ताजे दहाच तुकडे ठेवून जुने पुसत गेलो, तर सारा पसारा अवघा ६४ एमबीचा. तो टीएमपीएफएसमध्ये ठेवण्यास हरकत कसली? हेच तुकडे एसएसडीवर लिहिले, तर अखंड प्रक्षेपणात दिवसाला सुमारे ९२ जीबी लिहिले जातील, आणि तेही मिनिटाभरात पुसून टाकण्यासाठी. लिनक्स बदललेली पाने साधारण ३० सेकंदांनी डिस्कवर उतरवतो, त्यामुळे खिडकी त्याहून लहान असेल तर बरेच तुकडे डिस्कपर्यंत पोचण्याआधीच पुसले जातील. पण साठ सेकंदांच्या खिडकीत तो आधार राहत नाही.

धागाकर्त्यांना आणखी एक विनंती: एनजिनएक्सच्या प्रॉक्सी कॅशची (मूळ साठ्यावरून आणलेल्या तुकड्यांच्या कॅशची) ‘इनॲक्टिव्ह’ मर्यादा एकदा तपासावी. ती आपण लिहिली नाही, तर दहा मिनिटे गृहीत धरली जाते, आणि तेवढ्या वेळात कोणी न मागितलेला तुकडा मुदत शिल्लक असतानाही काढून टाकला जातो. १ टीबीचा एसएसडी रिकामाच का दिसतो, असा प्रश्न पडलेले बहुतेक लोक इथेच अडकलेले असतात. व्याख्यानांसाठी ती तीस दिवस ठेवावी. कॅशमधल्या तुकड्यांच्या नोंदी (किल्ल्या) मेमरीच्या ज्या भागात राहतात, त्या झोनमध्ये १ एमबीत सुमारे आठ हजार किल्ल्या मावतात, तेव्हा चार लाख तुकड्यांना ५० एमबी पुरते. १०० एमबी दिले की चिंता नाही.

गोदाकाठ:
थेट प्रक्षेपणापुरती टीएमपीएफएस मला मान्य आहे, कारण तिथे जपून ठेवण्यासारखे काही नसतेच. व्याख्यानांचे तसे नाही. सर्व्हर पुन्हा सुरू केला, की टीएमपीएफएस रिकामी होते आणि प्रत्येक मागणी मूळ हार्ड डिस्कवर जाऊन आदळते. एसएसडीवरची कॅश मात्र जागेवर असते, आणि रॅम हळूहळू पुन्हा भरते. एनजिनएक्सचा कॅश व्यवस्थापक ठरावीक वेळाने साफसफाई करतो, त्यामुळे आकार कमाल मर्यादेच्या वर काही काळ जाऊ शकतो. एसएसडीवर मोकळी जागा सोडलेली असते. काठोकाठ भरलेल्या टीएमपीएफएसमध्ये मात्र लिहिणेच थांबते.

अक्षांश:
मर्यादा ४० जीबीची घालून ४८ जीबीची टीएमपीएफएस केली, तर तो प्रश्न उरत नाही. माझा आग्रह सगळ्या साठ्याचा नाहीच. चालू सत्रातील मोजक्या विषयांचे पंधरा-सोळा तास मेमरीत असावेत, एवढाच आहे.

गोदाकाठ:
मग त्यासाठी व्हीएमटच (vmtouch) नावाचे साधन आहे. एसएसडीवरच्या हव्या त्या फाइली त्याने मेमरीत कुलूपबंद करता येतात, आणि सर्व्हर बंद पडला तरी डिस्कवरची प्रत जात नाही.

अक्षांश:
पण कुलूपबंद पान कर्नलला परत घेता येत नाही, आणि ते स्वॅपलाही जात नाही. टीएमपीएफएसवर आपला पहिला आक्षेप नेमका जागा अडकून पडण्याचा होता. इथे ती अधिकच घट्ट अडकते. तेव्हा आपला विरोध टीएमपीएफएसला आहे, की काही जीबी राखून ठेवण्यालाच, हे आपण स्पष्ट करावे.