स्वतः छापलेल्या मराठी कॉमिकवर खरं मत लिहायचं की नुसतं कौतुक करायचं?

खारंवारं

नमस्कार मंडळी, जरा अडकलेय म्हणून विचारतेय. मागच्या महिन्यात एका छोट्या मेळाव्यात एका टेबलावरून मराठी कॉमिक घेतलं, 64 पानं, काळंपांढरं, 300 रुपये. लिहिणारी, काढणारी, छापून आणणारी एकच मुलगी आणि टेबलामागे पण तीच बसलेली. गोष्ट तिच्या आजीची आहे, आजी मिठागरात कामाला जायची. चित्रं इतकी सुरेख की मी उभ्या उभ्याच निम्मं चाळलं, आजीच्या टाचांच्या भेगा काय काढल्यात! पण घरी नीट वाचायला बसले तर मी तीनचार ठिकाणी हरवलेच. 18 व्या पानावर कुठल्या चौकटीनंतर कुठली वाचायची तेच कळेना, आजी आणि मुकादम भांडतात तिथे कोण काय बोललं ते दोनदा वाचावं लागलं, आणि जवळजवळ प्रत्येक चित्रावर एक पट्टी आहे त्यात चित्रात जे दिसतंय तेच परत लिहिलेलं.

मला यावर सविस्तर लिहायचंय. मैत्रिणींना सांगितलं तर म्हणाल्या अगं राहू दे, मराठीत कोण करतंय एवढं, बिचारीने स्वतःच्या खिशातून छापलंय, चार चांगले शब्द लिही आणि सोड. मला ते पटत नाहीये पण तिचा हिरमोड व्हावा असंही वाटत नाही. त्यात मला चित्रकलेतलं काही कळत नाही. तर कॉमिकवर लिहिताना नक्की बघायचं काय?

शाईचा_डाग

मी स्वतः दोन कॉमिक्स छापलीत म्हणून सांगतो, तो ‘बिचारी’ शब्द फार लागतो. माझ्या पहिल्या कॉमिकवर चाळीसेक लोकांनी मस्त, भारी, असंच करत रहा असं लिहिलं, मला तेव्हा आनंद झाला पण त्यातल्या एकानेही सांगितलं नाही की नववं पान समजत नाही. ते मला माझ्या मावशीने सांगितलं, आणि तोवर दुसरं कॉमिक छापून आलं होतं, त्यातही तीच चूक, 200 प्रती घरात पडलेल्या. कुणी आधी बोललं असतं तर किती बरं झालं असतं असं अजून वाटतं.

आणि स्वतः छापलं म्हणून सूट द्या हे मला मुळातच मान्य नाही. आर्ट स्पीगलमन आणि फ्रान्स्वाज मूली यांनी 1980 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘रॉ’ हे कॉमिक्सचं नियतकालिक स्वतःच काढलं होतं, स्पीगलमनचं ‘माउस’ हे नाझी छळातून वाचलेल्या वडिलांवरचं कॉमिक आधी त्यातूनच थोडं थोडं येत होतं आणि पुढे 1992 मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. मोठा प्रकाशक नसला म्हणजे काम कच्चंच असणार हे आपणच ठरवून टाकतो आणि मग तसंच वाचतो.

आता 18 वं पान. मी न बघता अंदाज करतो, डावीकडे एकाखाली एक दोन चौकटी आणि उजवीकडे एकच उंच चौकट, असंच आहे ना? ही मांडणी फार फसवी. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे पहिली चौकट झाली की डोळा सरळ त्या उंच चौकटीत जातो आणि डावीकडची खालची राहून जाते. उलटं केलं, उंच चौकट डावीकडे आणि दोन उजवीकडे, की काही गोंधळ होत नाही. किंवा पहिल्या चौकटीतला बबल, म्हणजे बोलणं लिहितात तो फुगा, थोडा खाली दुसरीत उतरवला तरी डोळा त्याच्या मागे जातो. यासाठी तुम्हाला चित्रकला यायची काहीच गरज नाही, तुम्ही अडखळलात तेवढं पुरे, फक्त कुठल्या पानावर आणि कुठल्या चौकटीपाशी ते लिहा.

काना_मात्रा

माझं काम अक्षरांचं आहे त्यामुळे मी तेवढंच बोलते. भांडणाच्या पानावर बहुतेक मुकादम उजवीकडे उभा असेल आणि पहिलं वाक्य त्याचं असेल. वाचणारा डावीकडचा बबल आधी वाचतो, म्हणून जो आधी बोलतो तो डावीकडे हवा, किंवा त्याचा बबल दुसऱ्याच्या बऱ्याच वर हवा. हे कच्च्या रेखाटनातच ठरवावं लागतं, चित्र पूर्ण झाल्यावर बबल चिकटवायला गेलं की जागा मिळेल तिथे बसतात. तिचं तसंच झालं असणार, आपल्याकडे बहुतेक जण चित्र आधी आणि शब्द शेवटी करतात.

त्यात देवनागरीचा वेगळा त्रास आहे. इंग्रजी कॉमिकमध्ये बहुतेक सगळं कॅपिटलमध्ये असतं, त्या अक्षरांना वरखाली काही नसतं म्हणून ओळी चिकटून बसवता येतात. आपल्याकडे वर वेलांट्या मात्रा, खाली उकार, दोन ओळींत जागा सोडावीच लागते, म्हणजे तेवढ्याच मजकुराला बबल उंच होतो आणि चित्राची जागा खातो. इंग्रजी कॉमिकची बबलची मापं डोळ्यासमोर ठेवून काढलं की मराठी शब्द कोंबल्यासारखे दिसतात. फॉन्ट कुठला आहे तेही बघा, ‘कलम’ नावाचा वापरलेला असेल तर आश्चर्य नाही, फुकट मिळतो आणि हाताने लिहिल्यासारखा दिसतो, पण कुजबुज आणि किंकाळी दोन्हीला तोच एक आकार असेल तर ते जरूर लिहा. आणि ‘वाऱ्यावर’ चं ‘वार्यावर’ झालंय का तेवढं तपासा, सॉफ्टवेअर बदललं की ऱ्य हमखास तुटतो.

बबलने काय काय करता येतं हे बघायचं असेल तर डॉ. आंबेडकरांवरचं ‘भीमायन’ बघा, 2011 चं, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांचं. त्यात मायेने बोलणाऱ्यांचे बबल पक्ष्याच्या आकाराचे आहेत आणि विखारी बोलणाऱ्यांच्या बबलला विंचवाची नांगी आहे. एक शब्द न वाचता कळतं कोण कसं बोलतंय. तिचा मुकादम आणि तिची आजी एकाच गोल बबलात बोलतात का?

जुना_वेताळवाला

ताई, पट्ट्यांबद्दल मी थोडं वेगळं म्हणेन. आम्ही इंद्रजाल कॉमिक्समधला मराठी वेताळ वाचत मोठे झालो, त्यात पट्ट्या होत्याच आणि त्या वाचायला मजा यायची. शिवाय आपल्याकडे चित्र दाखवत गोष्ट सांगायची पद्धत फार जुनी, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी अजून एकेक चित्र पुढे धरून गाऊन सांगतात. म्हणजे चित्राबरोबर सांगणारा असणं हा दोष नाही. पण चित्रकथी चित्रात जे नाही तेच सांगतो ना, तो राजाच्या मनातलं सांगतो, पुढचं सांगतो, आवाज चढवतो. ‘आजी टोपली उचलते’ असं टोपली उचलणाऱ्या आजीवर लिहिलं तर ती पट्टी वाया गेली, तिथेच ‘त्या दिवशी हातातल्या जखमांत मीठ गेलं होतं’ असं असतं तर चित्र आणि शब्द दोघांना काम मिळालं असतं. तेव्हा सरसकट पट्ट्या नकोत असं लिहू नका, कुठली हवी आणि कुठली नको ते सांगा. एक करून बघा, कागदाच्या कपट्याने सगळे शब्द झाका आणि नुसती चित्रं वाचत जा.

बाइंडिंगवाला

किमतीबद्दल काही लिहिणार असाल तर जपून, कमी प्रती डिजिटलवर छापतात, तिथे प्रती वाढवल्या तरी दर प्रतीचा खर्च फारसा उतरत नाही, ऑफसेटचं, म्हणजे प्लेट बनवून छापायचं, गणित साधारण हजाराच्या पुढे जमतं. 64 पानांना 300 जास्त नाहीत. पण गोंद लावलेलं बाइंडिंग असेल आणि जोडपानावरचं मोठं चित्र मधल्या घडीत गेलं असेल तर ते मात्र नक्की सांगा, पुढच्या आवृत्तीत सहज सुधारता येतं.

खारंवारं

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री शब्द झाकून पूर्ण वाचलं. 18 वं पान अगदी तुम्ही म्हणालात तसंच आहे, डावीकडे दोन उजवीकडे एक. बबल सगळे एकसारखे गोल, मुकादमाचे पण. जोडपानावर आजीचा चेहरा बरोबर घडीत गेलाय, एक डोळा दिसतच नाही, मी पुस्तक दाबून दाबून बघितलं.

पण 41 व्या पानावर मी पहिल्यांदा नीट थांबले. तीन चौकटी आहेत, पहिलीत आजीचा हात मिठाच्या ढिगावर, दुसरीत तोच हात थोडा खाली सरकलेला, तिसरीत नुसता ढीग आणि हाताचा खळगा. शब्द झाकले तेव्हा कळलं की आजी गेली ते तिने इथे सांगितलंय, आणि मी आधी वाचताना वरची पट्टी वाचून पुढे निघून गेले होते, पट्टीत लिहिलंय ‘आणि मग आजी आम्हाला सोडून गेली’. मला इतकं वाईट वाटलं की हे पान मी जवळजवळ हुकवलं होतं. माझं लिखाण या पानापासून सुरू करणार आहे, आणि ती पट्टी काढून टाक हे तिला अगदी स्पष्ट सांगणार आहे. आधी तिलाच पाठवते, टेबलावर तिने ईमेल लिहून दिला होता.