स्लर्म डेबियनच्या रेपोत ठेवूच नये, असं माझं मत झालंय

मांजराकाठ (लातूर)

आमच्या कॉलेजात आठ नोडचं क्लस्टर आहे, म्हणजे एकत्र जोडलेले आठ संगणक. रसायनशास्त्राची पोरं त्यावर रेणूंची गणितं सोडवतात, आणि कुणाचं काम (जॉब) आधी, कुणाचं नंतर हे स्लर्म नावाचं सॉफ्टवेअर ठरवतं. दिवाळीच्या सुट्टीत कॅम्पस रिकामा बघून मी हेड नोड, म्हणजे मुख्य मशीन, डेबियन या लिनक्सच्या १२ वरून १३ वर नेला. डेबियनच्या रेपोतून, म्हणजे तयार पॅकेजांच्या कोठारातून, सॉफ्टवेअर बसवणाऱ्या ॲप्टने कसलीही कुरकुर केली नाही. रीबूट केलं आणि हिशेब ठेवणारं स्लर्मडीबीडी काही केल्या उठेना. लॉगमध्ये एकच ओळ, अर्थ असा की डेटाबेसची रचना फार जुनी आहे, या आवृत्तीला ती पुढे नेता येत नाही.

कारण शोधायला रात्र गेली, सांगायला दोन मिनिटं पुरतील. स्लर्मच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. डेबियन १२ मध्ये २२.०५ आहे, १३ मध्ये २४.११. मधे २३.०२, २३.११ आणि २४.०५ येऊन गेल्या. २४.११ चा हात मागच्या तीन आवृत्त्यांपर्यंतच पोचतो, म्हणजे २३.०२ पर्यंत. आमची २२.०५ एका पायरीने खाली राहिली. डेबियन दोन वर्षांतून एकदा उडी मारतं, स्लर्म वर्षभर पावलं टाकत राहतं. या दोघांच्या मधल्या फटीत आमची तीन वर्षांची जॉबची नोंद अडकली. रांगेत जॉब नव्हते म्हणून बरं, नाहीतर तेही गेले असते.

म्हणून माझं म्हणणं असं: डिस्ट्रोने (इथे डेबियनने) स्लर्मला लागणारा खालचा माल सांभाळावा. मंज (नोडची एकमेकांना ओळख पटवणारं), मारियाडीबी (डेटाबेस), एचडब्ल्यूलॉक, पीएमआयएक्स हे सगळं रेपोतून यावं, त्यात डेबियनचा हात कुणी धरू शकत नाही. पण खुद्द स्लर्म स्टेबलमधून, म्हणजे डेबियनच्या पक्क्या आवृत्तीतून, काढून टाकावं. २३.११ पासून स्लर्मवाल्यांच्या मूळ टारबॉलमध्येच (सोर्स कोडच्या गठ्ठ्यात) डेबियनचं फोल्डर येतं. डीबिल्ड ही आज्ञा चालवली की बसवायच्या डेब फायली तयार. ज्याला जी आवृत्ती पाहिजे ती त्याने बांधून घ्यावी.

चुकत असेन तर सांगा. फक्त 'मॅन्युअल वाचा' एवढंच सांगायला येऊ नका.

गोदाकाठ (नांदेड)

मॅन्युअल वाचा.

सांगणारच, कारण किती मागच्या आवृत्तीवरून उडी मारता येते हे स्लर्मच्या अपग्रेडच्या पानावर स्पष्ट लिहिलंय. पण तुमचा मूळ मुद्दाही मला पटलेला नाही. मी स्वतः डेबियनसाठी पॅकेजिंग करतो, स्लर्मचं नाही, दुसरं काही. त्यामुळे जरा लागलं हे कबूल.

रेपोतलं पॅकेज म्हणजे कुणीतरी आयती कंपाइल करून ठेवलेली फाइल, असं तुम्ही धरून चाललाय. एक बारीक गोष्ट बघा. डेबियनचं स्लर्म-डब्ल्यूएलएम बसवताना 'स्लर्म' नावाचा युजर तयार होतो आणि त्याचा नंबर ठरलेला असतो, ६४०३०. प्रत्येक नोडवर तोच. क्लस्टरमध्ये युजरचे नंबर जुळले नाहीत तर काय तमाशा होतो ते तुम्हाला मी सांगायला नको. मूळ टारबॉलमधून बांधलेली पॅकेजं हा युजर तयार करून देत नाहीत, तो तुम्ही आधी करायचा. असल्या पन्नास गोष्टी कुणीतरी एकदा बसून ठरवलेल्या असतात म्हणून ॲप्ट गप्प राहतं.

आता सुरक्षेचं. मे २०२२ मध्ये स्लर्ममध्ये तीन भोकं सापडली, नोंदीचे क्रमांक सीव्हीई-२०२२-२९५०० पासून २९५०२ पर्यंत. मूळ लोकांनी २०.११.९ आणि २१.०८.८ काढल्या. डेबियन ११ वाल्यांनी काय केलं? रोजच्यासारखं ॲप्ट अपग्रेड. आवृत्ती तीच राहिली, ठिगळ आत आलं. स्वतः बांधणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या महिन्यात पुन्हा बांधलं असेल? मी दोन कॉलेजांतली क्लस्टरं पाहिलीत (नावं विचारू नका), तिथे बांधणारा पोरगा पास होऊन पुण्याला गेला आणि स्लर्म आहे तिथेच आहे.

हिंगोलीवाला

गोदाकाठ यांच्या बाजूने, पण वेगळ्या कारणाने.

आमच्याकडं मी एकटाच आहे. प्रोजेक्टर मीच, बायोमेट्रिक मीच, चार नोडचं क्लस्टरबी मीच. टारबॉल बांधत बसायला मला वेळ कुठंय? ॲप्ट इन्स्टॉल मारलं, चाललं, विषय संपला.

तरी पहिल्यांदा दोन दिवस घालवलेच, आणि ते स्लर्मपायी नाही, मंजपायी. तुम्ही म्हणता तो 'खालचा माल'. डेबियनमध्ये मंज बसवलं की ते त्याच मशीनवर आपली चावी तयार करून मोकळं होतं. चार नोडवर बसवलं, चार वेगळ्या चाव्या. कुणी कुणाला ओळखंना. हेड नोडची चावी सगळीकडं कॉपी केली, मालकी मंजकडं दिली, तेव्हा कुठं गाडी हलली.

त्याच्यापुढचं लै भारी. लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली, परत आल्यावर तीन नंबरचा नोड काही जॉब घेईना. लॉगात 'क्रेडेन्शियल एक्सपायर्ड'. बघतो तर त्या नोडची सीमॉसची बॅटरी मेलेली, घड्याळ कुठल्या कुठं. मंजचं ओळखीचं पत्र (क्रेडेन्शियल) पाच मिनिटंच चालतं, दोन मशीनच्या घड्याळांत त्याच्यापेक्षा जास्त अंतर पडलं की ते पत्र रद्दी. वीस रुपयांची बॅटरी टाकली आणि सगळीकडं घड्याळं जुळवणारं क्रोनी बसवलं.

आता मला सांगा, या दोन्ही गोष्टी टारबॉलवाल्याला चुकल्या असत्या का?

दौलताबादी (संभाजीनगर)

मांजराकाठ बरोबर आहेत, फक्त घाबरत घाबरत बोलतायत. मी वाळूजला कुबरनेटीस सांभाळतो, म्हणजे बऱ्याच मशीनवर प्रोग्राम पसरून चालवणारं सॉफ्टवेअर, माझ्याकडून ऐका.

कुबरनेटीसची एक आवृत्ती साधारण १४ महिने जगते. वर्षाला तीन नव्या येतात. त्याच्या कुबेएडीएम या साधनाने अपग्रेड करायचं तर एकेक पायरीनेच, मधली गाळता येत नाही. डेबियनच्या एका स्टेबलवरून पुढच्या स्टेबलवर जायचं म्हणजे पाच-सहा पायऱ्या एका दमात. सरळ रस्ताच नाही. तुमच्या स्लर्मची निदान एकच पायरी चुकली.

आणि डिपेंडन्सीचं तर बोलूच नका. हे सगळं गो भाषेत, आणि लागणाऱ्या लायब्ररी व्हेंडर फोल्डरमध्ये सोबतच येतात, दोनशेच्या आसपास. डेबियनचा जुना नियम असा की प्रत्येक लायब्ररीचं वेगळं पॅकेज पाहिजे. प्रत्येक नवं पॅकेज आधी 'न्यू'च्या रांगेत उभं राहणार, कुणीतरी त्याचा परवाना ओळ न ओळ तपासणार. तोवर कुबरनेटीसची ती आवृत्ती म्हातारी. शेवटी तिथल्या पॅकेजरने व्हेंडर फोल्डर तसंच ठेवलं, त्यावरून भांडण २०२० मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेलं आणि समितीने त्याचा निर्णय फिरवायला नकार दिला. म्हणजे डेबियनला स्वतःलाच कळून चुकलंय.

आणखी एक आठवण. डेबियनच्या पॅकेजरने २००६ मध्ये गुप्त चाव्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएलच्या दोन ओळी काढल्या, चाव्यांमधली यादृच्छिकता जवळजवळ संपली आणि ते उघडकीला आलं मे २००८ मध्ये. मूळ सॉफ्टवेअर ठणठणीत होतं. मधल्या माणसाने घोळ घातला.

गोदाकाठ

२००८ येणार हे ठाऊकच होतं. दर वेळी येतं, आणि यायलाच पाहिजे, ती आमची लाज आहे.

मग २०२४ पण आठवा. एक्सझेड या फायली आवळणाऱ्या सॉफ्टवेअरमधला मागचा दरवाजा कुठे होता? मूळ लोकांच्याच टारबॉलमध्ये. आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१. गिटवर उघडा असलेला कोड बघणाऱ्याला तो पूर्ण दिसलाही नसता. तो डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत (पुढच्या स्टेबलच्या तयारीपर्यंत) आला होता, पण स्टेबलवर बसलेल्याला काही झालं नाही, कारण स्टेबल हळू चालतं. ज्या संथपणाला तुम्ही दोघं शिव्या देताय त्यानेच तेव्हा वाचवलं. 'मूळ टारबॉल म्हणजे शुद्ध' ही समजूत सोडा.

समितीचं म्हणाल तर ती 'सगळ्यांनी आता असंच करा' असं म्हणाली नाही, एका पॅकेजरवर जबरदस्ती करणार नाही एवढंच म्हणाली. त्या दोनशेतल्या एकात भोक निघालं तर काय? सी भाषेतली सामायिक लायब्ररी बदलली की तिच्यावर चालणारं सगळं आपोआप सुधारतं. गोमध्ये लायब्ररी आत वितळलेली असते, सगळं पुन्हा बांधावं लागतं. आणि ती व्हेंडर फोल्डरमध्ये असेल तर कुणाच्या पोटात काय आहे हे आधी शोधत फिरायचं. कुबरनेटीस स्टेबलमध्ये नको हे मी एक वेळ मान्य करतो. स्लर्म सी भाषेतलं आहे, त्याला कुबरनेटीसच्या पापाची शिक्षा कशाला?

दुधना (जालना)

मी या धंद्यातला नाही, माझा मुलगा आहे. मी बियाण्याच्या धंद्यातला. पण तुमचं वाचून राहवलं नाही.

निळा टॅग लावलेली प्रमाणित सोयाबीनची पिशवी आणली तरी आमच्याकडचा शहाणा शेतकरी पेरणीआधी गोणपाटावर १०० दाणे टाकून बघतो. सत्तरच्या वर उगवले तर पेरतो. २०२० च्या खरिपात ज्यांनी टॅगवर डोळे मिटून विश्वास ठेवला त्यातल्या कितीतरी जणांवर दुबार पेरणीची पाळी आली. घरचं बियाणं वापरणाराही हेच करतो. पिशवी कुणाची हा वाद नंतरचा. लातूरकर, तुम्ही गोणपाट ओलं केलं होतं का?

दौलताबादी

काका, सोयाबीन घरचं चालतं. हायब्रिड कपाशीचं बी घरी राखून चालतं का? दरवर्षी नवीच पिशवी. कुबरनेटीस ही कपाशी आहे.

हिंगोलीवाला

झालं, आता धागा कृषी विद्यापीठात गेला.

मांजराकाठ

दुधनाकाका, नव्हतं केलं. डेटाबेसचा डंप (पूर्ण नक्कल) घेतला होता, पण तो आधी कुठल्या व्हीएमवर (आभासी मशीनवर) टाकून बघितला नव्हता. तेवढी चूक माझी.

हिंगोलीवाल्यांची चावीची गोष्ट मला पटली, पण ती तुमच्याच विरुद्ध जाते बघा. पॅकेजने गुपचूप चावी केली नसती तर मंज पहिल्याच मिनिटाला 'चावी नाही' म्हणून अडलं असतं आणि तुमचे दोन दिवस वाचले असते. ॲप्टची कुरकुर मला दिवाळीत पाहिजे होती. इन्स्टॉल होताना जुना डेटाबेस बघून थांबायला हवं होतं. स्टेबलच्या संथपणाबद्दल माझी तक्रारच नाही. दोन वर्षांची उडी मारताना पायाखाली काय आहे हे सांगणारं पॅकेज हवं, नाहीतर पॅकेज नको.

गोदाकाठ

हे मात्र खरं. इन्स्टॉलच्या वेळी थांबवणारी सूचना पाहिजे, त्याचा बग नोंदवा, मी पाठिंब्याला येतो. पण 'काढून टाका' हा त्यावरचा उपाय नव्हे.

तोवर तुमचं काम. २२.०५ वरून २३.११ ला जाता येतं, तिथून २४.११ ला. लातूरहून संभाजीनगरला जाताना बीडला उतरतो तसं, मधे एकच थांबा. व्हीएमवर डेबियन १२ टाका, जुना डंप भरा, २३.११ चं फक्त स्लर्मडीबीडी तिथे चालवा. ते डेटाबेस बदलून घेईल. मग त्याचा डंप १३ वर. घाईत मधेच बंद करू नका, बदल चालू असताना मारलं तर पुन्हा पहिल्यापासून.

मांजराकाठ

तीन दिवसांनी लिहितोय. झालं. व्हीएमवर २३.११ बांधलं, डंप भरला, चहा पिऊन येईपर्यंत डेटाबेस वर सरकला होता. तो १३ वर आणला, २४.११ ने मुकाट्याने घेतला. २०२३ च्या जानेवारीतला पहिला जॉब जुन्या नोंदी दाखवणाऱ्या एसॲक्टमध्ये दिसतोय, त्या पोराचं एमएस्सी कधीच होऊन गेलं.

शेवटी मूळ टारबॉलला हात लावावाच लागला, हे मी लिहून ठेवतो. आणि तो बांधताना लागलेली एकूण एक डिपेंडन्सी डेबियनच्याच रेपोतून आली, हेही गोदाकाठ म्हणायच्या आत मीच लिहितो.

गोदाकाठ

आणि व्हीएमवर स्लर्म युजर?

मांजराकाठ

हाताने केला. ६४०३०.