मदत हवी आहे : पिलाटेसमध्ये दोन्ही पाय खाली नेले की कंबर उचलली जाते

सांजवारा :
मंडळी, पिलाटेस (श्वासासोबत सावकाश करायचे, पोट-कमरेवर भर देणारे व्यायाम) शिकणारे-शिकवणारे आणि फिजिओथेरपिस्ट कुणी असतील तर मदत हवी आहे.

वय ४३, दिवसभर लॅपटॉपसमोर बैठं काम. मणक्याचं कसलंही निदान झालेलं नाही, पण संध्याकाळी कंबर धरते. कॉलेजपासून अधूनमधून योगासनं केली आहेत, सूर्यनमस्कार बऱ्यापैकी जमतात. आता घराजवळ मॅट पिलाटेसचा क्लास लावलाय. (मशीनवाल्या क्लासची फी झेपणारी नाही, तेव्हा रिफॉर्मरवर जा असं कृपया सांगू नका.)

उताणं झोपून, पाय वर सरळ करून, दोन्ही एकदम खाली न्यायचे असतात. निम्म्यावर आले की कंबर जमिनीवरून सुटते, खालून आख्खा हात जाईल एवढी. बाई म्हणतात, "कोअर लावा." मी पोट जीव खाऊन आत ओढते, श्वास अडकतो, कंबर उचलली जायची ती जातेच. पोट आत ओढणं म्हणजेच कोअर लावणं का?

दुसरं, क्लासमध्ये सांगतात कमरेचा नैसर्गिक बाक ठेवा, आणि व्हिडिओंमध्ये सांगतात कंबर मॅटला चिकटवा. कुणाचं ऐकू? आणि हंड्रेड (उताणं झोपून, डोकं-खांदे उचलून, हात शंभर वेळा वरखाली हलवायचे) करताना पोटाआधी मानच का दुखते?

निवांत :
आपल्याकडचा उड्डियान बंध (पोट आत ओढून धरायची योगक्रिया) शिका, बाकी कशाची गरज नाही. सगळं आपल्याच योगात आहे.

मणकेश्वर :
मी फिजिओ आहे, पण तुम्हाला तपासलेलं नाही हे धरून वाचा.

आधी पोट सोडा, पायांकडे बघा. सोआस नावाचा एक लांबट स्नायू आहे. तो पाठीच्या बाराव्या मणक्यापासून आणि त्याखालच्या कमरेच्या मणक्यांच्या बाजूंपासून निघतो, ओटीपोटातून खाली उतरतो आणि मांडीच्या हाडाला वरच्या बाजूला, आतल्या अंगाने चिकटतो. हवेतले पाय धरून ठेवण्याचं काम मुख्यतः त्याचं आणि त्याच्या सोबत्यांचं. दोन्ही पाय मिळून शरीराच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे असतात. पाय छताकडे असतात तेव्हा ते वजन खुब्यावर उभं असतं. खाली नेऊ लागलात की वजन तेच, पण खुब्यापासून लांब जातं, म्हणून सोआसला जास्त जोर लावावा लागतो. त्याचं वरचं टोक कमरेच्या मणक्यांवर, त्यामुळे तो त्यांनाच वर खेचतो. पोटाच्या स्नायूंनी पेल्विस, म्हणजे कमरेखालचा हाडांचा कटोरा, जागेवर धरून ठेवला तर कंबर हलत नाही. त्यांना पेललं नाही की कमान. तुमचं कोअर 'बंद' वगैरे काही नाही. ओझं त्याच्या कुवतीपेक्षा मोठं आहे, एवढंच.

कोअर म्हणजे एकटं पोट नव्हे. वर श्वासपटल, खाली पेल्विक फ्लोअर (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू), मागे मणक्यामणक्यांना सांधणारे छोटे मल्टिफिडस, आणि भोवती ट्रान्सव्हर्स अ‍ॅब्डॉमिनिस, पोटाचा सगळ्यात आतला थर, आडव्या धाग्यांचा. ओझं उचलण्याआधी हमाल कमरेला फडकं आवळतो, तसं या थराचं काम. आरशात दिसणाऱ्या सिक्स पॅकचा स्नायू वेगळा. तो धड पुढे वाकवतो.

'नाभी पाठीकडे ओढा' या सूचनेला जोर मिळाला तो हॉजेस आणि रिचर्डसन या ऑस्ट्रेलियन संशोधकांच्या १९९६ च्या अभ्यासामुळे. हात हलण्याच्या आधीच हा आतला थर आवळला जातो, आणि कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा आवळला जातो, असं त्यांना दिसलं. पण म्हणून जोर लावून पोट खपाटीला न्यायचं असं नाही. कॅनडाचे स्टुअर्ट मॅकगिल तर उलट सांगतात : पोट आत न ओढता चहूबाजूंनी हलकं घट्ट करा. मीही पेशंटना तेच शिकवतो. खोकायच्या आधी पोट जेवढं आणि जसं घट्ट होतं, तेवढंच पुरे.

श्वास रोखू नका. श्वास घेताना श्वासपटल खाली येतं, पेल्विक फ्लोअरही थोडा सैल होतो. सोडताना दोन्ही वर जातात आणि आतला थर आपसूक आवळतो. पाय खाली नेताना तुम्हाला बहुधा श्वास घ्यायला सांगत असतील. सध्या उलट करून बघा : सोडत खाली.

निवांत, उड्डियान बंध श्वास पूर्ण सोडून, बाहेर रोखून करतात. इथे पाय हलत असताना श्वास चालू राहायला हवा. दोन्ही चांगलंच आहे, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

सांजवारा :
बापरे, पायांचा दोष असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. मग बाकाचं काय?

मणकेश्वर :
दोघांचंही बरोबर, घराणी वेगळी. ही पद्धत काढणारे खुद्द जोसेफ पिलाटेस पाठ मॅटला सपाट टेकवायला सांगत. नैसर्गिक बाकाचा आग्रह पुढच्या पिढ्यांनी, बराचसा फिजिओथेरपीच्या प्रभावाखाली धरला. तळव्यांच्या टाचा कमरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांवर आणि बोटांची टोकं जघनास्थीवर (ओटीपोटाच्या खालच्या टोकाला लागणारं हाड) ठेवा. हा त्रिकोण जमिनीला समांतर असेल तर बाक नैसर्गिक. पाय जमिनीवर असताना तो ठेवा. दोन्ही पाय हवेत असतील आणि बाक टिकत नसेल, तर कंबर हलकी टेकवली तरी बिघडत नाही. ढुंगण आवळून दाबू मात्र नका.

तुमच्यासाठी : गुडघे नव्वद अंशांत वाकवून दोन्ही पाय वर, कमरेखाली बोटं सरकवलेली. एकच पाऊल खाली आणून टेकवा, परत वर, मग दुसरं. बोटांवरचा दाब कमी झाला की तिथेच थांबायचं, तीच सध्याची हद्द. सरळ पाय एकत्र खाली नेणं बरंच पुढचं आहे. सगळ्यांना सरसकट ते करायला लावणारे क्लास मला पटत नाहीत.

दोन_लेकरांची_आई :
बाळंतपणं झाली असतील तर आणखी एक बघा. पाय किंवा डोकं उचलल्यावर पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येतो का? मला यायचा. मधली पट्टी ताणली जाऊन दोन्हीकडचे स्नायू लांब गेले होते. फिजिओने सांगितलं, उंचवटा दिसला की व्यायाम सोपा करायचा.

सांजवारा :
एक मुलगा आहे, १४ वर्षांचा. आत्ता आरशात पाहिलं, उंचवटा नाही. एकेका पावलाचं करून पाहिलं, कंबर टेकलेली राहते! मानेचं सांगाल?

मणकेश्वर :
डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, आणि बहुतेक जण ते हनुवटी पुढे काढून उचलतात. आधी 'हो' म्हणताना हलवतो तेवढी मान हलवा, मग श्वास सोडत छातीच्या फासळ्या पेल्विसकडे आणा. खांद्याच्या पात्यांची खालची टोकं मॅटवरच राहू द्या. नजर मांड्यांवर ठेवा, छताकडे नको. तरी दुखलं तर डोकं टेकवून फक्त हात हलवा : पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, अशा दहा फेऱ्या. शंभर भरतातच.

हाताला मुंग्या येत असतील किंवा कळ पायात उतरत असेल, तर क्लास थांबवून आधी दाखवून घ्या.

खिडकीतली_चिमणी :
आईला ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) आहे. तिने हेच केलं तर चालेल?

मणकेश्वर :
एकेका पावलाचं सहसा चालतं, पण तिच्या डॉक्टरांना विचारून. डोकं-खांदे उचलून पुढे वाकायचे व्यायाम, हंड्रेडसकट, नकोत. त्याने कमकुवत मणक्यांच्या पुढच्या कडेवर दाब येतो आणि मणका दबून मोडू शकतो.