अमेरिकेत शाळेच्या बजेटात फेडरलचा (केंद्र सरकारचा) वाटा दहाच टक्के, मग एवढी ओरड कशाला?

पाटीपेन्सिल: १ जुलै २०२५ला शाळांसाठी राज्यांना मिळायचे जवळपास ६.८ अब्ज डॉलर ट्रम्प सरकारने अडवून धरले. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने मंजूर केलेले, खुद्द ट्रम्पनीच सही केलेले पैसे! राज्यं कोर्टात गेली, रिपब्लिकन सिनेटरांनीही पत्र लिहिलं, मग महिनाअखेरीला ते सुटले. तरी आमच्या न्यू जर्सीच्या मंडळींचं पालुपद एकच : फेडरलचा वाटा जेमतेम दहा टक्के, बाकी राज्य आणि प्रॉपर्टी टॅक्स, काय फरक पडतो? अहो, ते दहा टक्के सगळ्यांत सारखे वाटलेले नसतात. टायटल वन हा केंद्राचा निधी गरीब वस्तीतल्या शाळांना, टायटल थ्री इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना. ज्याचं जातं त्याचं सगळंच जातं.

हडसनकाठ: असहमत. कोविडच्या तीन पॅकेजांत शाळांना १९० अब्ज डॉलरच्या आसपास मिळाले. शेवटचा हप्ता सप्टेंबर २०२४पर्यंतच वापरता येणार, हे आधीच ठाऊक होतं. तरी कित्येक डिस्ट्रिक्टांनी (स्थानिक शाळा मंडळांनी) त्यातून पगारी माणसं भरली आणि आता खापर वॉशिंग्टनवर. बोनसच्या जिवावर घराचा हप्ता वाढवून घ्यायचा आणि नंतर कंपनीला शिव्या घालायच्या, त्यातला प्रकार.

पाटीपेन्सिल: कोविडचे पैसे तात्पुरते होते, मान्य. टायटल वन १९६५पासून आहे. तो बोनस नव्हे.

आयईपीवाली आई: हडसनकाठ, तुमच्या टॅक्सचंच बोलते. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा १९७५चा. त्यांच्यासाठी देशातल्या दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्के रक्कम केंद्र देईल, असं तेव्हा ठरलं. आज मिळतात पंधराच्या आतच. पण माझ्या लेकाच्या आयईपीत, म्हणजे शाळेने त्याच्यासाठी लिहून दिलेल्या शिक्षण आराखड्यात, आठवड्याला दोनदा स्पीच थेरपी लिहिली असेल, तर डिस्ट्रिक्टला ती द्यावीच लागते. 'पैसे नाहीत' हे कारण कायद्यात बसत नाही. उरलेले मग तुमच्याआमच्या टॅक्समधून. आपल्याकडे टॅक्सची वाढ मोजके अपवाद सोडले तर वर्षाला २ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत, म्हणजे कात्री लागते बँडला, लायब्ररीला. आणि मीटिंगमध्ये लोक वळून बघतात आमच्यासारख्यांकडे.

हडसनकाठ: ताई, रोख तुमच्यावर नव्हता. पण वॉशिंग्टन पन्नास वर्षं शब्द पाळत नसेल, तर त्याच्या तोंडाकडे का बघायचं? अटी आणि कागदपत्रं त्यांची, बहुतेक पैसा आपला. राज्यांना एकरकमी द्या आणि बाजूला व्हा.

पाटीपेन्सिल: न्यू जर्सी निभावून नेईल हो. मिसिसिपीत फेडरलचा वाटा आपल्या दुपटीहून जास्त आहे. तिथे घरांच्या किमतीच कमी, टॅक्स लावणार कशावर?

घंटा झाली: शाळेच्या ऑफिसात काम करतो, म्हणून एक भर. रकमेपेक्षा आम्हाला तारखा छळतात. टेन्युअर (कायमची नोकरी) नसलेल्या शिक्षकांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही, हे १५ मेच्या आत कळवायचं. आमचं वर्ष १ जुलैला सुरू, केंद्राचं १ ऑक्टोबरला, आणि काँग्रेसचं बजेट वेळेवर झालं तर नवल. मे महिन्यात आकडा नसतो. मग प्रिन्सिपल खबरदारी म्हणून नाही कळवतात. जुलैत पैसे आले, तरी त्या बाई तोवर शेजारच्या काउंटीत रुजू झालेल्या असतात.

हडसनकाठ: हा मुद्दा पटला. एकरकमीचा माझा हट्ट मात्र कायम. मिसिसिपीला दुप्पट द्यायचे तर खुशाल द्या, पण दोन वर्षांचे आधी ठरवून, एकदाच.

आयईपीवाली आई: आणि त्यातून आयईपीचे वेगळे काढून ठेवले नाहीत, तर राज्याला जाब कोण विचारणार? मी एकटी?